पळणारीचं दूध

पोलीस भरतीची जाहिरात आली तेव्हा छकुली दहा आठवड्यांची होती. बिरूनं वर्तमानपत्राचं ते पान घडी घालून खिशातून आणलं आणि चुलीपुढं बसलेल्या बायकोच्या हातात दिलं. वैजंतानं पिठाच्या बोटांनीच ते उघडलं. जिल्ह्यात महिला शिपायांच्या जागा निघाल्या होत्या. मैदानी चाचणी मार्चमध्ये, म्हणजे अजून नऊ आठवड्यांनी.

"फारम आणू का?" बिरूनं विचारलं.

"आणा," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ते पान वाचत राहिली.

वैजंताचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, शेळगावचं. शाळेत असताना ती आठशे मीटर पळायची. बारावीच्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली होती. बिरू तिला बघायला आला तेव्हा तिनं मान खाली घालून एकच गोष्ट विचारली होती: भरतीला जाऊ देणार का? बिरू डेअरीच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. तो हसून म्हणाला होता, "जाऊ देणार म्हंजी? मी सोडायला यीन." त्यात लबाडी नव्हती. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. वडील सोनबा अजूनही दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडालाच बारामतीजवळच्या आपल्या गावी, कन्हेरीला परतायचे. बिरूला त्या वाटेला जायचं नव्हतं. खाकी वर्दीतली बायको त्याला लग्नाआधीपासून डोळ्यांपुढं दिसायची.

लग्नानंतर लगेच दिवस गेले, आणि भरतीचं बोलणं मागं पडलं. वैजंता माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर ती कन्हेरीला परत आली.

सासूला हे सांगायचं काम तिनंच केलं. सरुबाई तेव्हा न्हाणीत छकुलीला पायांवर घेऊन अंघोळ घालत होती. तिनं वर बघितलं नाही.

"कवा हाय पळायचं?"

"मार्चमधी."

"तवा लेकरू किती म्हैन्याचं आसंल?"

"पाचवा लागंल, आत्या."

"अंगावर पिणारं लेकरू, आन आई पळणार." सरुबाईनं कोमट पाणी ओंजळीनं छकुलीच्या पाठीवर सोडलं. "पळणारीचं दूध तापतं, पोरी. तापलं की आंबतं. मग ते लेकराच्या पोटात टिकत न्हाय. मी सांगायचं काम केलं."

वैजंताला वाटलं होतं भांडण होईल. तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. पण सरुबाई त्यापुढं एक शब्द बोलली नाही. छकुलीला टॉवेलात गुंडाळून तिनं आत नेलं आणि तिच्या कानात बराच वेळ तेल घालत बसली.

बिरू पहाटे पाचला पणदरे गावाकडचे दुधाचे कॅन गोळा करायला निघायचा. दुसऱ्या दिवसापासून वैजंता त्याच्याबरोबरच उठू लागली. कालव्याच्या कडेनं एक मुरमाची वाट होती. तिथं उजाडेपर्यंत कुणी नसायचं. पहिल्या दिवशी पन्नास पावलं टाकली आणि तिला कळलं की असं पळता येणार नाही. छाती रात्रभराच्या दुधानं भरलेली, प्रत्येक पावलाला ओढ बसत होती. घरी येऊन तिनं जुन्या लुगड्याची हातभर रुंद पट्टी फाडली आणि दुसऱ्या दिवशी ती छातीला करकचून गुंडाळली. श्वास जरा कोंडत होता, पण पळता येत होतं.

आधी छकुलीला पाजावं असं तिच्या मनात यायचं. पण लेकरू झोपेत असायचं. उठवलं की अर्धा तास जायचा, आणि उजाडलं की वाटेवर उसाच्या बैलगाड्या सुरू व्हायच्या. बाळंतीण बाई पळताना कुणी बघितली असती तर चार दिवस चर्चा झाली असती. म्हणून ती तशीच, भरल्या छातीनं पळायची आणि आल्यावर पाजायची. गरोदरपणात अंग सुटलं होतं ते उतरायला हवं म्हणून तिनं जेवणातली एक भाकरी कमी केली. पाणी तर आधीच मोजून मिळत होतं. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, नाहीतर पोट सुटतं, हे माहेरीही होतं आणि सासरीही.

शाळेतल्या सरांनी तिला पळायला शिकवलं होतं. बाळंत झाल्यावर कसं पळायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारावं कुणाला, हेही तिला सुचलं नाही.

तरी पहिले आठ दिवस ती सुखात होती. थंडीत नाकातून वाफा निघायच्या, पोटऱ्या दुखायच्या, आणि ते दुखणं ओळखीचं होतं. वर्षभर ज्या अंगाकडं सगळेजण फक्त बाळाचं घर म्हणून बघत होते, ते पुन्हा तिचं झाल्यासारखं वाटायचं.

नवव्या-दहाव्या दिवशी छकुलीनं तोंड फिरवलं. वैजंता पळून आली होती. घामेजलेली तशीच तिला मांडीवर घेऊन बसली, तर लेकरानं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. दुसऱ्या बाजूला लावलं, तिथंही तेच. सरुबाई दारात उभी राहून बघत होती.

"पिळून टाक पयलं," ती म्हणाली. "भुईवर सोड चार धारा. तापल्यालं दूध जाऊ दे."

वैजंतानं मुकाट्यानं चार धारा भुईवर सोडल्या. मग छकुली प्यायली. तेव्हापासून रोज तेच होऊ लागलं, आणि सरुबाईचं म्हणणं खरं आहे की काय अशी धास्ती वैजंताला वाटू लागली. रात्रीपर्यंत दूध पुरेनासं झालं. छकुली पिऊन झाल्यावरही मूठ चोखत राहायची.

अंगणवाडीच्या बाईंनी झोळीच्या काट्याला अडकवून तिचं वजन केलं. मागच्या वेळी चार किलो सातशे होती. आता चार सहाशे भरली.

"आजारी होती का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय," वैजंता म्हणाली, आणि लेकराला उचलून निघाली. घरी सांगितलं की पाच किलो झाली. सासूशी खोटं बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. बाळंतपणानंतरचं जे अंगावरून जाणं केव्हाच थांबलं होतं, ते परत सुरू झालं होतं. लाल, ताजं. पळून आल्यावर जास्त. तिनं स्वतःला समजावलं की पाळी आली असेल. पण पाळी अशी येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी बिरूला सुट्टी होती. तो घड्याळ घेऊन कालव्यावर आला. त्यानं दोन कडुलिंबांच्या मधलं अंतर पावलांनी मोजून ठेवलं होतं, जाऊन-येऊन आठशे मीटर. वैजंता पळाली आणि परत येऊन त्याच्यापुढं वाकून उभी राहिली.

"चार मिन्टं," बिरू म्हणाला. "शाळंत पावणेतीनमधी पळायचीस ना?"

"तवा लेकरू न्हवतं."

"आगं, मी वाईट न्हाय बोलत. पण पोरी पुण्याच्या येत्यात, सातारच्या येत्यात. आनखी जोर लावला पायजे."

तिनं जोर लावला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ आली. हात लावला की जीव जायचा. त्या बाजूला छकुलीला घेतलं की कळा मस्तकात जायच्या, म्हणून तिनं ती बाजू पाजायचं सोडलं आणि पट्टी आणखी आवळली. दुसऱ्या दिवशी ती पळायला गेली, पण अर्ध्या वाटेत हुडहुडी भरली. दातावर दात वाजायला लागले. कालव्याच्या भिंतीला धरत धरत ती घरी आली आणि ओट्यावरच आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलं होतं.

सरुबाईनं तिच्या अंगावर घोंगडं टाकलं. मग छकुलीला तिच्या कुशीतून उचललं.

"द्या ना तिला, आत्या. पाजते."

"तापातलं दूध पाजतीस? मारायचं हाय का तिला?"

सरुबाईनं शेळी पिळली, दुधात पाणी घातलं आणि फळीवरचं जुनं पितळी बोंडलं काढलं. त्याच्या नळीतून थेंब थेंब तिनं छकुलीला दूध पाजलं. बिरू ह्याच बोंडल्यावर वाढला होता. छकुली भुकेली होती, गटागट प्यायली आणि झोपली. सरुबाईनं सुनेकडं बघितलं, पण बोलली काही नाही. वैजंताला वाटलं, ही बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी छकुलीला हिरवे पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत दहा-बारा झाले. टाळू आत गेली. रडायला तोंड उघडायची, पण आवाज बाहेर येत नव्हता. बिरू कॅन उतरवून नुकताच घरी आला होता. त्यानं टेम्पो तसाच वळवला. वैजंता तापात फणफणत पुढं बसली, मांडीवर लेकरू. सरुबाई मागं रिकाम्या कॅनांमध्ये उभी राहिली, दांडीला धरून, बारामतीपर्यंत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छकुलीला बघितलं आणि लगेच सलाईन लावायला सांगितलं. एवढ्याशा हाताला शीर सापडेना. शेवटी डोक्याला लावली. वैजंतानं ते बघितलं नाही. तिला शेजारच्या खाटेवर झोपवून एका वयस्क सिस्टरनं तिची पट्टी सोडली, आणि सोडता सोडता थांबली.

"हे कशासाठी बांधलंय?"

"पळायला."

"पळायला?"

मग सिस्टरनं एकेक विचारायला सुरुवात केली. बाळंतपणाला किती दिवस झाले? पळायला कधी लागलीस? पहिल्याच दिवशी किती? आधी पाजायचीस का नंतर? खातेस किती? पाणी किती पितेस? अंगावरून जातंय का? वैजंतानं सगळं सांगितलं. जाणं सुरू झाल्याचंही सांगितलं. सासू ऐकतेय हे तिला माहीत होतं, पण आता लपवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"बगा," सरुबाई एकदम म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "मी पयल्याच दिशी म्हणलं व्हतं. पळून पळून दूध नासलं. त्या नासक्या दुधानं माझी नात..."

"आजी, दूध नासलं नाही," सिस्टर म्हणाली. "आईचं दूध पळून नासत नाही. लेकरानं तोंड फिरवलं ते छातीवरच्या घामाच्या खारटपणानं. ओल्या फडक्यानं पुसलं असतं तरी प्यायलं असतं. आणि जुलाब कशानं झाले माहितेय? हिनं दोन दिवस पाजलं नाही. मग पोरीनं काय घेतलं?"

सरुबाईनं सुनेकडं बघितलं.

"शेळीचं," वैजंता हळूच म्हणाली. "पाणी घालून. बोंडल्यानं."

"ते बोंडलं उकळलं होतं?"

सरुबाईचा हात आपोआप तोंडावर गेला. सिस्टरनं तिच्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण हिला ताप होता तरी हिनंच पाजायला हवं होतं. दुखऱ्या बाजूचंसुद्धा. दूध तुंबलं म्हणून गाठ झाली. पाजणं बंद केलं, वर पट्टी आवळली, म्हणून ती वाढली. औषध देऊ, शेक देऊ, पण तिथलं दूध निघालंच पाहिजे."

सरुबाई भिंतीला टेकून खाली बसली. ती सलाईनच्या बाटलीतले थेंब बघत होती. मग कुणाकडंच न बघता बोलू लागली.

"दुष्काळ पडला व्हता, भात्तरसालचा. इंदापूरकडं रस्त्याचं काम निगालं व्हतं. आमी खडी फोडायचो. माझं पयलं लेकरू तवा दोन म्हैन्याचं. झोळीत ठिवायची, बाभळीला बांधून. दिवसभर हातोडा. सांजच्याला अंगाला लावायची तर दूध न्हाय. चोखायचं आन रडायचं. म्हाताऱ्या बायका म्हणल्या, राबून राबून तुझं दूध जळलं. सतरा दिवसांत ग्येलं ते."

बिरू दारात उभा होता. आपल्याआधी एक मूल झालं होतं हे त्याला ठाऊक होतं, पण ते कसं गेलं हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं.

सिस्टर तिच्यापुढं उकिडवी बसली. "तेव्हा खायला काय मिळायचं, आजी?"

"सुकडी द्यायचे कामावर. दोन मुठी."

"पाणी?"

"टँकर आला तर."

"मग दूध हातोड्यानं नाही आटलं," सिस्टर म्हणाली. "उपाशी होता तुम्ही. तुमचा काही दोष नव्हता त्यात."

सरुबाईनं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही. पदर तोंडाला लावून ती तशीच बसून राहिली. पंचवीस वर्षं धरून ठेवलेली समजूत अशी एका दुपारी सुटत नसते, आणि सुटली तरी त्यानं बरंच वाटतं असंही नाही.

छकुली चौथ्या दिवशी घरी आली. वैजंताची गाठ विरघळली, ताप उतरला. निघताना सिस्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत, आणि निदान दहा दिवस, काही करायचं नाही. मग चालायचं. चालून त्रास झाला नाही तर हळू पळायचं, आणि रोज थोडंच वाढवायचं. पुन्हा अंगावरून गेलं तर थांबायचं आणि इकडं यायचं. पळायच्या आधी लेकराला पाजून छाती हलकी करायची. पट्टी नको, घट्ट बसणाऱ्या दोन बॉड्या एकावर एक घालायच्या, आणि आल्याबरोबर काढायच्या. आधी तांब्याभर पाणी, नंतर तांब्याभर. आणि भाकरी कमी नाही, एक वाढवायची. "लेकराचं आणि पळण्याचं, दोन्ही तुझ्याच अंगातून जातंय," सिस्टर म्हणाली होती.

हे सगळं वैजंतानं ऐकून घेतलं, पण घरी आल्यावर ठरवलं की भरती नको. येता-जाता छकुलीच्या डोक्यावरचा तो भादरलेला चौकोन तिला दिसायचा, सलाईनसाठी केस काढले होते तिथला. आपल्या हावेनं ही मरत होती, असं तिला वाटायचं. सिस्टर सासूला म्हणाली होती, तुमचा दोष नाही. वैजंताला तसं कुणी म्हणालं नव्हतं.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बिरू जेवताना म्हणाला, "आजून पाच आठवडे हायत. दहा दिवस ग्येले तरी तीन-साडेतीन ऱ्हात्यात. होईल की."

वैजंताच्या हातातली पळी थांबली. "तुमी मला पयलं इचारा तरी. बरी हायेस का, म्हणून."

"आगं, मी तुझ्याच भल्याचं..."

"जाऊ का न्हाय, ते मी सांगंन."

बिरू ताटावरून उठून गेला. त्या घरात वैजंता त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. ती भांडी आवरत बसली. तेवढ्यात सरुबाईनं पाण्यानं भरलेला तांब्या आणून तिच्या गुडघ्याशी ठेवला.

"पी," ती म्हणाली. "शिस्टर म्हणली न्हवं."

अकराव्या दिवशी वैजंता कालव्यावर चालायला गेली. भरतीसाठी जातेय की कसं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. सरुबाई छकुलीला घेऊन मागोमाग आली आणि पुलाच्या कट्ट्यावर बसली. तिला भीती वाटत होती. वैजंता लांब गेली की ती उठून उभी राहायची. परत आली की तिच्या तोंडाकडं बघायची, मग छकुलीच्या तोंडाकडं. आता उजाडल्यावरच जायच्या दोघी, छकुलीला पाजून. वाटेवरच्या बायका थांबून विचारायच्या. सरुबाई काहीच उत्तर द्यायची नाही.

आठवड्यानं वैजंता हळू पळू लागली. अंगावरून पुन्हा गेलं नाही. छकुलीचं वजन पाच किलोला टेकलं. तेव्हा एका सकाळी घाम पुसता पुसता ती सासूला म्हणाली, "जाऊन येते, आत्या. निवड न्हाय झाली तरी चालंल."

"मी येते संगं," सरुबाई म्हणाली. "लेकरू कोन धरंल?"

चाचणीच्या दिवशी तिघं पहाटेच पुण्याला पोचले. मैदानाच्या फाटकाबाहेर वैजंतानं छकुलीला पोटभर पाजलं आणि आत गेली. बिरू गर्दीत मागं राहिला. छातीवर नंबराचं कापड लावलं, उंची मोजली, कागद तपासले. नऊ वाजता पळायला सुरुवात होणार होती. दहा वाजले, अकरा वाजले. पोरी उन्हात रांगेत बसून होत्या. साडेअकराला वैजंताची छाती दगडासारखी झाली. डावीकडं, जुन्या गाठीच्या जागी, ठणका सुरू झाला. नंबराच्या कापडाखाली ओल पसरली. शेजारच्या पोरीनं बघितलं आणि नजर वळवली. फाटकाबाहेरून छकुलीचा आवाज येत होता. एवढ्या गोंगाटातही तिला तो वेगळा कळत होता, आणि प्रत्येक रडण्याला दूध आणखी दाटून येत होतं.

ती उठून फाटकावरच्या महिला शिपायाकडं गेली. "बाई, दहा मिन्टं भाईर जाऊ का? लेकराला पाजायचंय."

"बाहेर गेलीस की नंबर गेला," ती म्हणाली. "नियम आहे."

"लेकरू चार म्हैन्याचं हाय, बाई."

"मग घरी थांबायचं होतं."

वैजंता तिथंच उभी राहिली. मागं रांग होती, पुढं फाटक. तसंच पळावं तर काय होतं ते तिला ठाऊक होतं. बाहेर जावं तर सगळं संपलं.

फाटकाच्या पलीकडून सरुबाई सगळं ऐकत होती. ती छकुलीला छातीशी धरून गजांना येऊन भिडली.

"बाई, माझ्या सुनंनं भाईर यायचं न्हाय, आसंच ना?"

"हो, आजी."

"मग लेकरू आत ग्येल्यालं चालतं का न्हाय? त्याचा काय नेम हाय?"

महिला शिपाई तिच्याकडं बघतच राहिली. मागं वळून साहेब कुठं आहेत ते तिनं बघितलं. मग फाटक वीतभर उघडलं.

"दहा मिनिटं. बाळ फक्त. तुम्ही नाही."

वैजंता मैदानाच्या कडेला गाद्यांच्या ढिगामागं बसली. छाती पाण्यानं पुसली. ज्या पोरीनं नजर वळवली होती तीच ओढणी धरून पुढं उभी राहिली. छकुली हुंदके देत देत प्यायली. दोन्ही बाजू हलक्या झाल्या. वैजंतानं तिला फाटकाच्या फटीतून सासूच्या हातात दिलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि धावतच आपल्या रांगेत परत आली. पाचच मिनिटांत तिच्या गटाचं नाव पुकारलं.

ती बारा जणींत पाचवी आली. तीन मिनिटं आठ सेकंद. लांब उडी बरी पडली. गोळा फेकताना मात्र डावी बाजू ओढली गेली आणि गोळा जवळच पडला. बाहेर आली तेव्हा बिरूनं विचारलं, "किती?" सरुबाईनं विचारलं, "दुखतंय का?"

यादी एप्रिलमध्ये लागली. बिरू एकटाच जाऊन बघून आला. दुपारी वैजंता अंगणात ज्वारी पाखडत होती, सरुबाई छकुलीला झोका देत होती. तो चपला काढता काढता म्हणाला, "दोन मार्कांनी ग्येली."

वैजंतानं सूप खाली ठेवलं. दोन मार्क म्हणजे गोळा दोन हात पुढं पडायला हवा होता, एवढंच.

बिरू खांबाला टेकून बसला. उन्हानं आणि प्रवासानं तो शिणला होता. "लेकरू येक वर्सानं झालं असतं तर..." तो म्हणाला.

"बिऱ्या!" सरुबाई ओरडली.

छकुली दचकून रडायला लागली. वैजंतानं उठून तिला घेतलं. नवऱ्याकडं बघून ती शांतपणे म्हणाली, "हे आज बोलला. परत बोलू नका. तिला समजाय लागल्यावर तर आजिबात न्हाय."

बिरूनं माफी मागितली नाही. पण दोन-तीन दिवस तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. छकुलीला उचलून घेत नव्हता, जणू काही तो हक्क आपण घालवला असं त्याला वाटत होतं. घरात सगळे जपून बोलत होते. पुढची भरती कधी निघेल, निघाली तर काय, हा विषय कुणी काढला नाही.

वैजंतानं पळणं सोडलं नाही. उन्हाळा वाढला तशी ती लवकर जायला लागली. एका रविवारी सरुबाई जळोचीला लेकीकडं गेली होती. वैजंतानं छकुलीला पाजलं, घोंगड्यावर निजवलं आणि बिरूला म्हणाली, "बगा जरा तिच्याकडं." तो नुसता हुं म्हणाला.

ती पाऊण तासानं परत आली तर बिरू दारात उभा होता. तोंड कसंनुसं झालेलं.

"काय झालं?" तिनं अंगणातूनच विचारलं.

"पालथी पडली. आपली आपन. मी बगत व्हतो." तो घाईघाईनं सांगत होता. "हात आडाकला व्हता, तो बी काढला तिनं."

वैजंता घोंगड्याजवळ बसली. छकुली आता उताणी पडून पाय उडवत होती. आपण नव्हतो तेव्हाच हे व्हावं, हे तिला लागलं. तिनं लेकराच्या बाजूला खुळखुळा वाजवला, नाव घेतलं, बोटानं हलकंच कुशीवर ढकललं. छकुलीनं तिच्याकडं बघून जिवणी पसरली, पण वळली नाही.

बिरू तिच्या शेजारी येऊन बसला, जरा अंतर ठेवून.

"दमली आसंल आता," तो म्हणाला. "उद्या करंल. तवा तू आसशील की."

वैजंताचा घाम अजून वाळला नव्हता. बिरू उठला, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि दोघं लेकराकडं बघत तिथंच बसून राहिले.